जाहिरातीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, मग मी फसले कशी?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे, अकाउंट्समध्ये काम करते, म्हणजे बारीक अक्षरातल्या अटी वाचणं हे माझं रोजचंच काम. केस खूप गळत होते म्हणून जाहिरात बघून एक हेअर सीरम मागवलं. बरेच महिने नेमाने लावलं, फरक शून्य. चिडून तक्रार लिहायला बसले आणि त्यासाठी तीच जाहिरात परत नीट पाहिली, तर ताई, त्यात एकही वाक्य खोटं नाहीये! 'केसगळती कमी करण्यास मदत', 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड', '९३ टक्के महिलांना केस दाट वाटले', आणि खाली दिसेल न दिसेल असं 'स्वतःच्या अनुभवावर आधारित'. नवीन केस येतील असं कुठेच म्हटलेलं नाही. पण मला तेच ऐकू आलं होतं. नवरा म्हणतो, तुम्हाला इमोशनल करून विकतात, मी असल्या गोष्टींना भुलत नाही. इकडे १३ वर्षांची मुलगी रील्स बघून बघून 'माझं नाक किती मोठं आहे' म्हणून रडते. आणि सासरे दिवसभर बातम्या लावून बसतात आणि मला संध्याकाळी उशीर झाला की घाबरून फोनवर फोन करतात. मला खरंच कळत नाही, मी मूर्ख आहे का? तक्रार करू की गप्प बसू? आणि मुलीला काय सांगू?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

आधी ते 'मूर्ख' डोक्यातून काढून टाक. तू लिहिलंस ना, 'मला तेच ऐकू आलं होतं', त्यातच सगळं उत्तर आहे बघ. जाहिरात खोटं बोललीच नाही, ती अर्धं बोलली आणि उरलेलं तुझ्याकडून पूर्ण करून घेतलं. आणि आपण स्वतः पूर्ण केलेल्या वाक्यावर आपण शंका घेत नाही, कारण ते आपल्याला कोणी सांगितलंय असं वाटतच नाही, आपल्यालाच कळलंय असं वाटतं.

यात अक्कल कमी पडण्याचा काही संबंध नाही. पॉल ग्राइस नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये छापलेल्या एका निबंधात हे फार छान मांडलंय, की दोन माणसं बोलत असतात तेव्हा ऐकणारा मनात धरूनच चालतो की समोरचा कामाचं तेच सांगतोय आणि पुरेसं सांगतोय. 'काही जण आले होते' असं कोणी म्हटलं की आपण समजून घेतो सगळे आले नव्हते, तसं त्याने म्हटलेलं नसतं तरी. असं एकमेकांचं अर्धं बोलणं पूर्ण करून घेतल्याशिवाय आपल्याला साधा संवादही करता येणार नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला ही सवय पक्की माहीत असते. 'मदत' म्हटलं की तू धरणार मदत होते म्हणजे फरक पडतो, नाहीतर सांगितलं कशाला असतं. पण 'मदत' या शब्दात किती मदत ते नाहीच, शून्याच्या जरा वर असली तरी वाक्य खरंच ठरतं.

आता तुझीच जाहिरात घे. 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' म्हणजे टेस्ट केली, एवढंच. टेस्टमध्ये काय निघालं ते वाक्यात नाही, आणि बऱ्याचदा ती टेस्ट लावल्यावर त्वचेला खाज-पुरळ येतं का एवढीच असते, केसांशी तिचा संबंधही नसतो. '९३ टक्के महिलांना' म्हटलं की डोळ्यापुढे हजारो बायका येतात, पण किती जणींपैकी ९३ टक्के ते लिहिलंय का? त्यांना फुकट बाटली देऊन विचारलं होतं का? आणि मुख्य म्हणजे केस दाट 'झाले' नाहीत, दाट 'वाटले'. असं अजून खूप असतं गं, 'पर्यंत' बघ, '५० टक्क्यांपर्यंत सूट' म्हटलं की कोपऱ्यातल्या एका वस्तूवर ५० असली तरी झालं, 'दुप्पट चमक' म्हटलं तर कशाच्या दुप्पट ते कोणी विचारायचं, आणि 'यात अमुक केमिकल नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते केमिकल त्या प्रकारच्या वस्तूत कधी घालतच नव्हते हे कोण सांगणार.

पण माझं स्पष्ट मत सांगू का, शब्दांनी तुला जेवढं फसवलं त्यापेक्षा चित्राने जास्त फसवलं असणार. शब्दांच्या बाबतीत निदान नंतर वाचून 'असं म्हटलंच नव्हतं' हे तरी तुला कळलं, चित्राला असं परत तपासता येत नाही. चित्रात 'कदाचित' नसतं, 'थोडंसं' नसतं. डावीकडे विरळ भांग, वरून पडलेला कडक उजेड, ओलसर चिकटलेले केस, पडलेला चेहरा, आणि उजवीकडे मऊ उजेड, मान जरा वळवलेली, केस कोरडे आणि फुलवलेले. यातला फक्त उजेड आणि विंचरणं बदललं तरी अर्धा फरक तिथेच पडतो. मध्ये पांढरा कोट घातलेली एक बाई उभी असते, ती डॉक्टर आहे असं कोणीच म्हणत नाही. आणि निळ्या रंगात फिरणारे रेणू मुळाशी जाऊन बसताना दाखवतात ते कुठल्याही मायक्रोस्कोपमधून काढलेले नसतात, ते कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं. हे सगळं मिळून एक दावा होतो, आणि तो कुठल्याच वाक्यात नसल्यामुळे कोणाला पकडता येत नाही.

पकडता येत नाही म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. अमेरिकेतली एक केस मला फार महत्त्वाची वाटते. १९५९ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने रॅपिड शेव्ह नावाच्या शेव्हिंग क्रीमची टीव्हीवर जाहिरात केली, सँडपेपरवर, म्हणजे खरखरीत पॉलिश पेपरवर क्रीम लावायचं आणि लगेच ब्लेड फिरवलं की कागद साफ गुळगुळीत. प्रत्यक्षात तिथे सँडपेपर नव्हताच, प्लास्टिकच्या काचेवर वाळू चिकटवलेली होती. खरा सँडपेपर असा सोलायचा तर क्रीम लावून जवळजवळ ८० मिनिटं भिजवावा लागत होता. कंपनीचं म्हणणं असं की कागद सोलला जातो हे तर खरंच आहे, टीव्हीवर नीट दिसत नाही म्हणून आम्ही नक्कल वापरली. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं नाही, कारण प्रेक्षकाला 'तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा बघताय' असं भासवलं आणि तो पुरावाच खोटा होता. तक्रारीचं खाली लिहितेय, तिथे हे तुला उपयोगी पडेल.

अजून एक, तुझ्या जाहिरातीत सुरुवातीला कोणी बाई समारंभात केस झाकत कोपऱ्यात उभी होती का? बहुतेक असणारच. ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत लिस्टरीनने तोंडाच्या वासाबद्दल जाहिराती केल्या, तोपर्यंत ते जंतुनाशक म्हणून विकलं जायचं. जाहिरातीत एक देखणी मुलगी दाखवायची जिचं लग्न जमत नाहीये आणि कारण तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे. आधी मनात शंका पेरायची, की लोक आपल्याबद्दल मागे काय बोलत असतील, आणि मग बाटली पुढे करायची. मला जाहिरातीतला हा प्रकार सगळ्यात क्रूर वाटतो, बाकीचे तुझ्याकडून पैसे घेतात, हा प्रकार तुझ्याकडून तुझं समाधान काढून घेतो आणि मग त्याचा तुकडा तुलाच विकतो.

आता तुझ्या मिस्टरांबद्दल. ते जे म्हणतात ना की मी भुलत नाही, ते जवळपास सगळेच म्हणतात. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये याच्यावर लिहिलंय, त्याला थर्ड पर्सन इफेक्ट म्हणतात. माणसाला वाटतं मीडियाचा परिणाम 'त्या' लोकांवर होतो, माझ्यावर नाही. प्रत्यक्षात परिणाम व्हायला पटायलाही लागत नाही. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं की नुसतं पुन्हा पुन्हा समोर आलेलं चिन्ह, शब्द, चेहरा माणसाला जास्त आवडायला लागतो, त्याचा अर्थ कळत नसला तरी. १९७७ मध्ये हॅशर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात असं निघालं की तेच विधान काही आठवड्यांच्या अंतराने परत ऐकलं की लोकांना ते आधीपेक्षा जास्त खरं वाटतं. म्हणजे जाहिरातीला हसत हसत पाहणाऱ्याच्या डोक्यातही नाव बसतच असतं. मिस्टरांशी वाद घालू नकोस, फक्त एकदा सहज विचार की आपल्या घरातली टूथपेस्ट, साबण, शूज हेच ब्रँड का, आणि ते काय कारण देतात ते शांतपणे ऐक. बहुतेक ते कारण एखाद्या जाहिरातीतलंच निघेल आणि ते त्यांचं त्यांनाच कळेल.

सासऱ्यांचं मला जास्त वाईट वाटलं, कारण ती भीती खरी असते, रात्री झोप लागत नाही त्या माणसाला. बातम्याही तशाच घडवलेल्या असतात, खोट्या म्हणत नाही मी, घडवलेल्या म्हणतेय. १९७४ मध्ये एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून जरा जास्त, 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असं विचारलं तर ३१.८. फिल्म त्याच! दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले आणि साधं 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच नव्हतीच. म्हणजे क्रियापदाने नुसतं मत बदललं नाही, आठवणीत काच आणून टाकली. आता विचार कर, दिवसभर 'हाहाकार', 'थरार', 'खळबळ', 'हादरलं' असं ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात किती काचा साचत असतील.

आणि उलटंही चालतं, सौम्य करायचं असेल तर करणाराच गायब करतात. 'गोळीबार केला' म्हटलं तर कोणी केला ते सांगावं लागतं, 'गोळीबार झाला' म्हटलं की तो पाऊस पडावा तसा आपोआप होतो. हेडलाईन वाचताना 'झाला', 'झाली' दिसलं की 'कोणी?' असं विचारायची सवय लाव, मी स्वतः रोज करते हे आणि अर्ध्या बातम्यांत उत्तर सापडत नाही. प्रश्नचिन्ह असलेल्या हेडलाईनचंही तेच, 'अमुक माणूस दोषी?' असं लिहिलं की आरोप केलाही आणि अंगावर घेतलाही नाही.

फोटोचं तर विचारूच नको. एकाच सभेचा फोटो पुढच्या रांगेतून जवळून काढला की मैदान भरलेलं, वरून काढला की मोकळं. माणूस बोलता बोलता डोळे अर्धे मिटतो तो एक क्षण निवडला की तो कपटी दिसतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा त्याच्यानंतर सूपची बशी दाखवली, एकदा शवपेटी, तर बघणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसते, एकदा दुःख. बातमीत फोटो कशाच्या शेजारी लावलाय यावरच त्याचा अर्थ ठरतो, हे एकदा लक्षात आलं की मग तू बातमी तशी बघूच शकणार नाहीस.

सासऱ्यांना हे सगळं समजावत बसू नकोस, या वयात सुनेने शिकवलेलं कोणाला आवडेल. त्यांच्या शेजारी बसून एकदा टीव्हीचा आवाज बंद कर आणि 'बाबा, नुसतं चित्र बघू या जरा' असं म्हण. म्युझिक गेलं, ओरडणं गेलं की कळतं तेच दहा सेकंदांचं फुटेज गोल गोल फिरवतायत. जमलं तर दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी बातम्या आणि बाकी वेळ पेपर, असं त्यांच्याच तोंडून वदवून घे. आणि उशीर होणार असेल तर तूच आधी फोन कर, ती भीती वादाने जाणार नाही, तुझा आवाज ऐकून जाईल.

आता मुलगी. इथे जरा सविस्तर लिहिते कारण मला याचीच जास्त काळजी वाटते.

फिजीमध्ये अ‍ॅन बेकर या संशोधकांनी एक अभ्यास केला होता. तिथे भरलेलं अंग चांगलं समजायची पद्धत होती. १९९५ मध्ये एका भागात नुकताच टीव्ही आला, तेव्हा त्यांनी शाळेतल्या साठेक मुलींना प्रश्न विचारले, आणि १९९८ मध्ये परत तशाच साठेक मुलींना विचारले. वजन ताब्यात ठेवायला उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. अभ्यास छोटा आहे, वेगवेगळ्या मुली आहेत, सगळं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही, पण त्या मुलींनी स्वतः बोलताना मालिकांमधल्या बायकांसारखं दिसायचं म्हणून सांगितलं. त्या मालिका काही 'बारीक व्हा' असं सांगत नव्हत्या. तुझ्या मुलीलाही 'तुझं नाक मोठं आहे' असं कोणी म्हटलेलं नाही, ते वाक्य तिने पूर्ण केलंय, तुझ्या सीरमसारखंच.

म्हणून 'तू छान दिसतेस गं, तो फिल्टर असतो' एवढं सांगून भागत नाही. फोटो एडिट केलाय असं लिहिलेलं असलं तरी बघणारीला स्वतःबद्दल वाईट वाटायचं फारसं कमी होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय, फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२१ च्या कायद्याने असं लेबल सक्तीचं केलं तरी. डोक्याला माहीत असतं, डोळ्याला नसतं.

त्यापेक्षा तिला हाताने करू दे. नाकाचंच घे. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असतो आणि नाक बाकी चेहऱ्यापेक्षा लेन्सच्या जवळ असतं, म्हणून ते फुगलेलं दिसतं. २०१८ मध्ये काही सर्जन आणि संशोधकांनी याचा हिशोब मांडला, १२ इंचावरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. तर तिचा एक फोटो हातभर अंतरावरून काढ, आणि एक ५-६ फुटांवर उभी राहून झूम करून काढ, चेहरा दोन्हीत सारख्याच आकाराचा येईल असा. दोन्ही शेजारी ठेव आणि काही बोलू नकोस, तिलाच बघू दे. मग तुझा काढायला सांग. मग दोघी मिळून घरातल्या एखाद्या टाकाऊ वस्तूची खोटं न बोलता जाहिरात करा, तुटक्या छत्रीची करा हवं तर, उजेड कुठून घ्यायचा, कुठली बाजू लपवायची, कुठला शब्द वापरायचा हे तिने ठरवायचं. एकदा स्वतः लपवलं की दुसऱ्याने काय लपवलंय ते शोधायला तिचे डोळे आपोआप जायला लागतात.

या वयाच्या मुलांना 'हे तुझ्यासाठी वाईट आहे' असं सांगितलं की काही होत नाही, हे तुलाही माहीत आहे. 'कोणीतरी बसून तुला कसं वळवायचं ते ठरवतंय' हे मात्र त्यांना झोंबतं. अमेरिकेत आठवीच्या मुलांवर याचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये त्याचा निबंध आला, खाण्यापिण्याच्या कंपन्या मुलांना कसं गळाला लावतात हे सांगितलेल्या मुलांनी नुसते आरोग्याचे धडे दिलेल्या मुलांपेक्षा बरं खाणं निवडलं. तेव्हा लेक्चर नको, तिला या बाजूला घे आणि दोघी मिळून त्यांच्याकडे बघा. आणि एवढं करूनही ती आरशापुढे रडतच राहिली, किंवा जेवण कमी केलं, तर हे माझ्या सदराच्या पलीकडचं आहे, वेळ न घालवता समुपदेशकाकडे जा.

तुझ्यासाठी तर एकच सांगते, तुला जमेल असं. जाहिरात बघितली आणि काही घ्यावंसं वाटलं की एका बाजूला लिही 'मला काय समजलं' आणि दुसऱ्या बाजूला 'त्यांनी काय म्हटलं'. तू बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवतेस ना, तसंच हे, जो फरक निघेल तो तू भरलेला असतो. फरक निघाला म्हणून घेऊच नको असं नाही म्हणत मी, लस घ्या, सिगारेट सोडा हे सांगणारेही चित्रं आणि शब्द निवडूनच वापरतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्यांनी काय केलं ते सांगितलं तरी त्यांचा मुद्दा पडत नाही. तुझ्या सीरमवाल्यांनी 'आम्ही उजेड बदलला आणि तुमचं वाटणं विचारलं' असं मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर तू बाटली घेतली असतीस का?

आणि हो, तक्रार कर. नक्की कर. 'एकही वाक्य खोटं नाही' म्हणून तू थांबलीस, पण अमेरिका, ब्रिटन आणि इतर बऱ्याच देशांत जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था सुटी सुटी वाक्यं बघत नाहीत, साध्या माणसाला जाहिरात पूर्ण पाहून काय समजेल ते बघतात, आणि मोठ्या अक्षरात दिलेलं बारीक अक्षरात काढून घेतलेलं त्यांना चालत नाही. जाहिरात अजून दिसत असेल तर ती काढून टाकायच्या आत स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेव, बारीक अक्षरांचा वेगळा स्क्रीनशॉट घे, तारीख लिही, बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो आणि बिल ठेव. '९३ टक्के' म्हणजे किती जणींपैकी, त्यांना काय प्रश्न विचारला होता, आणि आधीचा-नंतरचा फोटो एकाच बाईचा, एकाच उजेडात काढलेला आहे का, हे तीन प्रश्न कंपनीला लेखी विचार, आणि तेच पत्र तुमच्याकडच्या ग्राहक तक्रार यंत्रणेला आणि जाहिरातींच्या नियामकाला पाठव. तक्रारीत 'वाक्य खोटं आहे' असं लिहू नकोस, 'ही जाहिरात पाहून मला असं समजलं' असं लिही आणि खाली काय समजलं ते तुझ्या शब्दांत, सगळं. उत्तर आलं की मला कळव.

तुझी,
ताई